परदेशी न जाता आंतरसांस्कृतिक क्षमता कशी वाढवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगभरातील उच्च शिक्षणाच्या विद्यार्थ्यांपैकी शिक्षणासाठी देशाबाहेर राहणाऱ्यांचे प्रमाण शंभरात जेमतेम तीन आहे. उरलेल्या सत्त्याण्णव जणांनाही पुढे वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या रीतीभातीच्या माणसांबरोबर काम करायचे असते, त्यांच्यावर उपचार करायचे असतात, त्यांना शिकवायचे असते. विद्यार्थी, पालक आणि सहकारी प्राध्यापक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

आंतरसांस्कृतिक क्षमता म्हणजे नेमके काय? इतर देशांची माहिती असणे म्हणजेच ती का?

वेगळ्या संस्कृतीच्या माणसांना समजून घेऊन त्यांच्याशी नीट वागता-बोलता येणे, ही ती क्षमता. माहिती हा तिचा केवळ एक भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत सोपा. मायकेल बायरम यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या आराखड्यात तिची पाच अंगे सांगितली आहेत. पहिले अंग वृत्तीचे, म्हणजे कुतूहल आणि मोकळेपणा. दुसरे ज्ञानाचे, आणि त्यात दुसऱ्यांच्या समाजाबरोबर स्वतःच्या समाजाचे ज्ञानही येते, हे बरेचदा विसरले जाते. तिसरे अंग एखादा मजकूर किंवा प्रसंग दुसऱ्याच्या संदर्भात वाचून तो आपल्या अनुभवाशी जोडून पाहण्याचे. चौथे प्रत्यक्ष संवाद चालू असतानाच न कळलेले शोधून काढण्याचे. पाचवे चिकित्सक जाणिवेचे, म्हणजे आपण कोणत्या निकषांवर मत बनवतो आहोत हे ओळखून मत बनवण्याचे.

डार्ला डीअरडॉर्फ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या क्षेत्रातील २३ अभ्यासकांना अनेक फेऱ्यांमधून विचारून या क्षमतेचे घटक निश्चित करण्याचा प्रयत्न केला होता. त्या सर्वांचे शंभर टक्के एकमत फक्त एका घटकावर झाले, तो म्हणजे दुसऱ्यांची जगाकडे पाहण्याची दृष्टी समजून घेणे. वर्गात मी याचा अर्थ असा सांगते, की समोरच्याचे वागणे खटकल्यावर त्या खटकण्यात आणि आपल्या निष्कर्षात थोडे अंतर ठेवता आले पाहिजे. ते अंतर ठेवणे शिकता येते, आणि ते शिकण्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही.

पण परदेशात राहिल्याशिवाय हे खरोखर जमते का?

या प्रश्नामागे एक गृहीतक आहे, की परदेशात राहिल्याने ही क्षमता आपोआप येते. ते गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या पुढाकाराने परदेशी शिकायला गेलेल्या सुमारे १,३०० विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसते तिथे जाऊन राहिल्याने झालेली वाढ सरासरीने माफक होती. अनुभवांचा अर्थ लावायला मदत करणारा मार्गदर्शक ज्यांना तिथे नियमितपणे भेटत होता, त्यांच्यात मात्र ती ठळकपणे दिसली.

याचे कारण समजण्यासारखे आहे. परक्या शहरात गेलेला विद्यार्थी आपल्याच देशाच्या विद्यार्थ्यांबरोबर राहू शकतो, आपल्याच भाषेत दिवस काढू शकतो, आणि जे काही विचित्र वाटले त्याबद्दल संध्याकाळी त्याच मंडळींत बोलून आपला जुना ग्रह पक्का करून परतू शकतो. वेगळेपणाशी गाठ पडणे आणि त्या गाठीवर विचार करणे, या दोन्ही गोष्टी लागतात. त्यांतली दुसरी तर वर्गातच अधिक चांगली होते, कारण वर्गात वेळ असतो, शिक्षक असतो आणि चुकण्याची मुभा असते. परदेशवास निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. जवळ पाया असलेल्या विद्यार्थ्याला त्यातून कितीतरी अधिक मिळते, आणि तो पाया घरी घालता येतो.

‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ हा शब्दप्रयोग कोठून आला?

स्वीडनमधील माल्मो येथून. तेथील विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झाले तेव्हा नवीन असल्यामुळे विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करण्यासाठी परदेशी विद्यापीठांशी जुने करार त्याच्याकडे नव्हते. परंतु ज्या शहरात ते उभे राहिले, त्या शहरात अनेक देशांतून आलेले लोक वस्ती करून होते. बेंग्ट निल्सन यांनी १९९९ मध्ये ही कल्पना मांडली, की बहुसंख्य विद्यार्थी परदेशी जाणारच नसतील तर आंतरराष्ट्रीय अनुभव त्यांच्यापर्यंत इथेच आणला पाहिजे. पुढे २०१५ मध्ये योस बेलेन आणि एल्स्पेथ जोन्स यांनी तिची व्याख्या नव्याने केली. त्या व्याख्येतील दोन शब्दांवर माझा विशेष भर असतो: ‘हेतुपुरस्सर’ आणि ‘सर्व विद्यार्थ्यांसाठी’. योगायोगाने काही घडले तर ते या कल्पनेत बसत नाही, आणि ऐच्छिक विषय घेणाऱ्या वीस उत्साही मुलांपुरते घडले तर तेही बसत नाही.

आमच्या वर्गात एकही परदेशी विद्यार्थी नाही. मग सुरुवात कशी करायची?

जे वर्गात आहेत त्यांच्यापासून. संस्कृती म्हणजे देश, हे समीकरण सोयीचे असले तरी अपुरे आहे. घरी बोलली जाणारी भाषा, गाव की शहर, श्रद्धा, आर्थिक परिस्थिती, घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली पहिली पिढी की तिसरी, ऐकू न येणाऱ्या पालकांबरोबर वाढणे, अशा अनेक गोष्टींमुळे एकाच बाकावर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या ‘साध्या’ वाटणाऱ्या कल्पना वेगळ्या असतात. शिक्षकाला प्रश्न विचारणे हे आदराचे लक्षण की उद्धटपणाचे? गटातील एकाने काम केले नाही तर ते शिक्षकांना सांगावे की झाकावे? असा एखादा प्रश्न फळ्यावर लिहून प्रत्येकाला आधी स्वतःपुरते उत्तर लिहायला सांगावे आणि मग ती उत्तरे नावे न घेता वाचून दाखवावीत. ‘आपण सगळे सारखेच आहोत’ हा समज एका तासिकेत गळून पडतो.

येथे एक काळजी घ्यावी लागते. एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या संपूर्ण समाजाचा प्रवक्ता करू नये. ‘तुमच्याकडे याबद्दल काय म्हणतात?’ हा प्रश्न भर वर्गात एकट्याला विचारला, की तो विद्यार्थी पुन्हा तोंड उघडत नाही. ज्याला स्वतःहून सांगायचे आहे त्याला जागा मिळावी, आणि ज्याला सांगायचे नाही त्याचे मौन मान्य व्हावे.

वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना एका गटात घातले की पुरे नाही का?

पुरे नाही, आणि कधीकधी त्याने नुकसानही होते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितले होते, की दोन समूहांच्या संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायला हवे असतील तर त्या संपर्कात दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामाईक असावे, ते गाठण्यासाठी एकमेकांची गरज पडावी आणि संस्थेचा त्याला उघड पाठिंबा असावा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात आणि वरच्या अटी पाळल्या तर अधिक कमी होतात, असे आढळले.

नेहमीच्या गटप्रकल्पात यांपैकी किती अटी पाळल्या जातात? ज्याची भाषा सफाईदार तो सादरीकरण करतो, ज्याची नाही त्याच्याकडे तक्ते जुळवण्याचे काम येते, आणि सत्र संपताना दोघांचेही एकमेकांबद्दलचे मत अधिक घट्ट झालेले असते. यावर उपाय कामाच्या रचनेतच करावा लागतो. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे वांशिक तणाव असलेल्या शाळांसाठी जी पद्धत तयार केली, तीत धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला जातो. तो तुकडा त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नसल्यामुळे त्याचे ऐकल्याखेरीज गटाचे चित्र पूर्ण होत नाही. विद्यापीठातही हीच रचना उत्तम चालते.

अगदी पहिला सराव कोणता द्यावा?

तीन रकान्यांचा. हा सराव १९७० च्या दशकापासून आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणात वापरला जातो. कागदाचे तीन उभे भाग करायचे. पहिल्यात फक्त जे दिसले किंवा ऐकू आले ते, दुसऱ्यात त्याचा आपण लावलेला अर्थ, तिसऱ्यात त्याबद्दल आपल्याला काय वाटले ते लिहायचे.

ऐकायला सोपे वाटते, पण विद्यार्थी पहिल्याच रकान्यात अडखळतात. दुसऱ्या देशातील गटाबरोबरच्या एका व्हिडिओ बैठकीनंतर माझ्या विद्यार्थ्यांनी पहिल्या रकान्यात लिहिले होते, ‘आम्ही आराखडा मांडला आणि त्यांनी दुर्लक्ष केले.’ दुर्लक्ष डोळ्यांना दिसत नाही, तो लावलेला अर्थ आहे. ध्वनिचित्रमुद्रण पुन्हा पाहून त्यांना तो रकाना नव्याने भरायला सांगितला. दुसऱ्यांदा लिहिलेले असे होते: ‘प्रश्न विचारल्यावर अकरा सेकंद कोणी बोलले नाही. दोघांनी खाली पाहिले. एकीने माइक बंद केला. मग एकजण म्हणाला, आम्ही कळवतो.’ त्यानंतर दुसऱ्या रकान्यात एकाच्या जागी चार अर्थ आले: रस नसेल, भाषा कळली नसेल, आवाज पोचला नसेल, किंवा सर्वांना विचारल्याशिवाय एकाने होकार देणे त्यांना बरोबर वाटत नसेल. पुढच्या बैठकीत विचारल्यावर शेवटचा अर्थ खरा निघाला. त्या अकरा सेकंदांनी त्या गटाला जे शिकवले, ते माझ्या कोणत्याही व्याख्यानाने शिकवले नसते.

खेळांतून खरोखर काही शिकता येते का?

येते, पण खेळानंतरच्या चर्चेला खेळाइतकाच किंवा त्याहून अधिक वेळ दिला तरच. ‘बार्न्गा’ हा पत्त्यांचा खेळ शिवसैलम त्यागराजन यांनी १९८० मध्ये लायबेरियात तयार केला. वर्गात चार-पाच टेबले मांडतात, प्रत्येक टेबलावर थोडेसे पत्ते आणि नियमांचा एक कागद ठेवतात. नियम वाचून झाले, की कागद काढून घेतात आणि तिथून पुढे बोलायला बंदी. थोड्या डावांनंतर जिंकलेले एका बाजूच्या टेबलावर जातात, हरलेले दुसऱ्या बाजूच्या. खेळाडूंना हे माहीत नसते, की प्रत्येक टेबलाचा नियम किंचित वेगळा होता: कुठे एक्का सर्वांत मोठा, कुठे सर्वांत लहान, कुठे हुकूम आहे तर कुठे नाही.

नव्या टेबलावर आलेली मुलगी आपला हात झाला म्हणून पत्ते ओढायला जाते आणि समोरचा तिच्या हाताखालून ते काढून घेतो. दोघांनाही खात्री असते, की दुसरा लबाडी करतो आहे. काहीजण हातवारे करून भांडतात, काही मुकाट्याने बहुमताचा नियम स्वीकारतात, एखादा पत्ते खाली ठेवून देतो. नंतरच्या चर्चेत विचारायचा प्रश्न असा: ‘नियम वेगळे असतील, ही शंका तुम्हाला नेमकी कोणत्या क्षणी आली, आणि ती आल्यावर तुम्ही काय केले?’ अनेकांना ती शंका शेवटपर्यंत आलेली नसते, आणि ते त्यांचे त्यांनाच सांगावे लागते.

ऑनलाइन माध्यमातून परदेशी विद्यापीठाबरोबर काम कसे करायचे?

या पद्धतीला ‘कॉइल’ म्हणतात; ‘सहयोगी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय शिक्षण’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचे ते लघुरूप आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात चित्रपट शिकवणारे जॉन रुबिन यांनी ती विकसित केली आणि २००६ मध्ये त्या विद्यापीठात तिचे केंद्र सुरू झाले. दोन देशांतील दोन शिक्षक आपापल्या अभ्यासक्रमाचा एक भाग एकत्र आखतात आणि दोन्हीकडचे विद्यार्थी मिश्र गटांत काही आठवडे एकच काम पूर्ण करतात. दोन्ही विषय एकच असण्याची गरज नाही. एकीकडे सांख्यिकी आणि दुसरीकडे सार्वजनिक आरोग्य असेल तर उलट एकमेकांची गरज अधिक भासते.

पहिला आठवडा ओळखीसाठी पूर्णपणे मोकळा ठेवावा, असा माझा आग्रह आहे. तो वाचवण्याचा मोह होतो आणि तोच पुढे महागात पडतो. त्यानंतर गटाने आपले करार लिहून काढावेत: निरोपाला किती तासांत उत्तर द्यायचे, ‘वेळेवर’ म्हणजे काय, मतभेद सर्वांसमोर सांगायचा की खासगीत. दोन्ही देशांच्या घड्याळांत मोठा फरक असेल तर रात्री उशिराची बैठक दर वेळी एकाच बाजूच्या वाट्याला येणार नाही, हे शिक्षकांनी पाहावे. समान दर्जा म्हणतात तो अशाच लहान गोष्टींत दिसतो. समोरासमोर बैठका थोड्या आणि लिखित देवाणघेवाण अधिक ठेवली, तर इंटरनेटचा वेग कमी असलेले आणि बोलायला बुजणारे विद्यार्थीही मागे पडत नाहीत.

सर्वांना इंग्रजी चांगले येणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘कल्टुरा’ प्रकल्पात अमेरिकेतील आणि फ्रान्समधील विद्यार्थी आपापल्या भाषेतच लिहीत होते आणि दुसऱ्यांचे त्यांच्या भाषेत वाचत होते. एकाच अर्थाचा समजला जाणारा शब्द दोन्हीकडे दिला जाई, मनात येतील ते शब्द प्रत्येकाने लिहायचे, आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या. ‘व्यक्तिवाद’ या शब्दापुढे अमेरिकी विद्यार्थ्यांच्या यादीत स्वातंत्र्य आणि सर्जनशीलता होती, तर फ्रेंच यादीत स्वार्थीपणा पुढे आला. शब्दकोशात जुळणारे शब्द मनात जुळत नाहीत, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधले. त्यांना ते कोणी सांगितले नव्हते.

एक सामाईक भाषा वापरायचीच असेल, तर जिची ती मातृभाषा आहे त्या बाजूनेही काही शिकायचे असते: सावकाश बोलणे, वाक्प्रचार टाळणे, ‘कळले का?’ असे न विचारता ‘मी काय म्हणाले ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’ असे विचारणे.

गणित, अभियांत्रिकी, वैद्यक अशा विषयांत याला जागा कुठे आहे?

विषयाच्या आतच आहे, फक्त ती शोधावी लागते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वेदना सांगण्याच्या वेगवेगळ्या रीती ओळखाव्या लागतात. अभियंत्याला आपली रचना ज्या लोकांसाठी आहे त्यांचे घर, हवामान आणि सवयी विचारात घ्याव्या लागतात. संगणकशास्त्रात नाव आणि आडनाव असे दोन सक्तीचे रकाने असलेला नोंदणी अर्ज घ्यावा आणि जगात किती लोकांना तो अर्ज भरताच येणार नाही, हे शोधायला लावावे. हा उत्तम गृहपाठ होतो, आणि त्यासाठी अभ्यासक्रमातील एकही घटक कमी करावा लागत नाही.

विविध देशांच्या वेशभूषा आणि खाद्यपदार्थांचा दिवस साजरा केला तर?

जरूर करावा, आनंद होतो. फक्त त्याला क्षमताविकास म्हणू नये. तिथे दिसते ते सहज दिसणारे, आणि माणसांचे खटके उडतात ते न दिसणाऱ्या गोष्टींवर: वेळ, अधिकार, नकार देण्याची रीत, माफी मागण्याची रीत.

दुसऱ्याची संस्कृती समजून घेणे म्हणजे तिच्यातील सर्व काही मान्य करणे का?

नाही. समजणे आणि पटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि बायरम यांनी पाचवे अंग याचसाठी वेगळे ठेवले आहे. अन्यायकारक वाटणाऱ्या प्रथेवर विद्यार्थ्याने टीका करावी. पण कोणत्या निकषावर हे त्याला सांगता यावे, आणि तोच निकष स्वतःच्या समाजाला लावण्याची त्याची तयारी असावी. या दुसऱ्या अर्ध्यावर वर्ग शांत होतो. ती शांतता लगेच बोलून भरू नये.

वाद पेटलाच, तर चर्चा थांबवून पाच मिनिटे सर्वांना लिहायला सांगावे: समोरच्या बाजूचे म्हणणे त्या बाजूला मान्य होईल अशा शब्दांत. पाच मिनिटांनंतरचा आवाज वेगळा असतो.

प्रगती मोजायची कशी?

एकाच साधनावर विसंबू नये. मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात वेगळेपणाकडे पाहण्याच्या सहा पायऱ्या आहेत: नाकारणे, बचावात्मक होणे, फरक किरकोळ मानणे, फरक स्वीकारणे, जुळवून घेणे आणि आत्मसात करणे. या विचारावर बेतलेली ५० विधानांची सशुल्क प्रश्नावली अनेक विद्यापीठे वापरतात. ‘शेवटी माणूस इथूनतिथून सारखाच’ हे वाक्य आपल्याला उदार वाटते, पण या प्रतिमानात ते तिसऱ्याच पायरीवर येते, कारण त्यात ‘सारखा’ म्हणजे बहुधा ‘माझ्यासारखा’ असतो.

विद्यार्थ्यांनी स्वतःला दिलेल्या गुणांवर मी फार भर देत नाही. सत्राच्या सुरुवातीला स्वतःला दहापैकी नऊ देणारी मुले शेवटी सात देतात, आणि बरेचदा तीच खरी प्रगती असते, कारण आपल्याला काय कळत नाही हे त्यांना आता कळू लागलेले असते. म्हणून पुरावा लेखनात शोधावा. युरोप परिषदेने २००९ मध्ये तयार केलेली ‘आंतरसांस्कृतिक भेटींचे आत्मकथन’ ही विनामूल्य प्रश्नमालिका त्यासाठी चांगली आहे. विद्यार्थी एकच भेट निवडतो आणि ती कोणाशी झाली, समोरच्याला काय वाटले असेल, आज तो प्रसंग वेगळा दिसतो का, अशा प्रश्नांतून ती उलगडत जातो. पहिल्या आणि शेवटच्या महिन्यातील दोन लेख शेजारी ठेवून पाहावेत. विशेषणे कमी झाली आहेत का, ‘कदाचित’ वाढले आहे का, स्वतःच्या वागण्याचा उल्लेख आला आहे का? गुण मतांना देऊ नयेत, विचार करण्याच्या रीतीला द्यावेत.

विद्यापीठाकडून निधी नाही, परदेशी भागीदार नाही. एकटा शिक्षक काय करू शकतो?

‘कथावर्तुळ’ घेऊ शकतो. युनेस्कोने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली त्याची मार्गदर्शिका विनामूल्य आहे आणि तिच्यातील पद्धत थायलंड, झिंबाब्वे, कोस्टा रिका, ऑस्ट्रिया आणि ट्युनिशिया येथे आधी वापरून पाहिलेली आहे. चार ते सहा जणांचे गट करायचे. एक विषय द्यायचा, उदाहरणार्थ ‘आपण वेगळे आहोत असे मला पहिल्यांदा जाणवले तो प्रसंग’. प्रत्येकाने तीन मिनिटे बोलायचे, आणि तोवर इतरांनी प्रश्न विचारायचा नाही, टिप्पणी करायची नाही, ‘माझ्याही बाबतीत असेच झाले’ असेही म्हणायचे नाही. सर्वांचे सांगून झाल्यावर प्रत्येकाच्या गोष्टीतील लक्षात राहिलेला एकेक क्षण इतरांनी पंधरा सेकंदांत सांगायचा. त्यानंतरच चर्चा सुरू करायची.

एका तासिकेत हे आटोपते, आणि खर्च काहीही नाही. पहिल्या वेळी तीन मिनिटे फार मोठी वाटतात. कोणी मिनिटभरातच थांबला तर उरलेली दोन मिनिटे गटाने तशीच शांत बसावे, त्याला विचारून बोलते करू नये. बहुतेक वेळा तो स्वतःच पुन्हा बोलू लागतो.